फेरीबोट, भात आणि दोन चाकं

गोव्याला जायचं म्हणजे बीचवरच जायचं, असा काही नियम नाही! जुन्या गोव्यासमोर मांडवीत दिवाडी नावाचं बेट आहे. पूल नाही, सिग्नल नाही, चढ जवळजवळ नाहीच. सायकलवाल्याला आणखी काय हवं?

तुमच्या बाल्कनीत एक सायकल आहे. खरं सांगा, आहे ना? एकवीस गिअरची, हेल्मेटसकट घेतलेली. पहिले चार रविवार तुम्ही पहाटे साडेपाचला उठून बाहेर पडलात, फोटो काढलेत, सोमवारी ऑफिसात 'अरे, बारीक झालास!' अशा कॉम्प्लिमेंट्सही मिळवल्यात. मग एका रविवारी एक डम्पर कोपराला अगदी घासून गेला. त्या दिवसापासून सायकलच्या हॅण्डलवर टॉवेल वाळताहेत.

यात तुमचा आळस थोडा आणि रस्त्याचा दोष जास्त. सायकल चालवायची मजा असते ती डोकं मोकळं सोडण्यात. शहरात ते जमत नाही. मागून काय येतंय, पुढचा रिक्षावाला कुठे वळणार आहे, उभ्या गाडीचं दार कधी उघडेल, यातच सगळा मेंदू खर्च होतो. घाटात जावं तर चढाने दम निघतो आणि उतारावर एसटी मागे लागते. म्हणजे हवा असतो एक सपाट, रिकामा, सावकाश रस्ता. तोही वीकएण्डला जाऊन येण्याइतका जवळ. मागणी काही फार नाही, पण पुरी होता होत नाही.

तर असा एक पत्ता तुम्हाला देतो. हा रस्ता गोव्यात आहे.

गोव्यात? पण तिथे तर...

हो, तिथे ट्रॅफिक असतो. सुट्ट्यांत कळंगुट-बागाच्या रस्त्यावर गाडी जितकी थांबते, तितकी सायनच्या सिग्नललाही थांबत नसेल. पण तो किनाऱ्याचा गोवा. मांडवी नदी समुद्राला मिळायच्या आधी बरीच फाटे फोडत, वळसे घेत येते आणि त्या वळशांत काही बेटं तयार झाली आहेत. त्यातली दोन मोठी नावं म्हणजे चोडण आणि दिवाडी. बीचवरच्या गर्दीला ही नावं माहीत असतात, पण तिकडे वळावंसं फार थोड्यांना वाटतं.

गंमत म्हणजे तुम्ही दिवाडीवरून बहुतेक गेलेलाही असाल. मुंबईहून मडगावला जाणारी कोकण रेल्वे थिवीनंतर करमळीकडे जाताना या बेटावरूनच जाते. खिडकीतून अचानक हिरवीगार सपाटी दिसते, मग मांडवीचा पूल लागतो आणि आपण बॅगा काढायच्या गडबडीला लागतो. गाडी बेटावर थांबत नाही. काही मिनिटांत बेट संपतं. त्याच बेटावर सायकलने आख्खा दिवस घालवायचा, एवढाच आपला प्लॅन!

करमळी स्टेशनवर उतरा. तिथून जुन्या गोव्याची चर्चेस दोन-तीन किलोमीटरवर. टूरिस्ट बसेसची रांग असते, ती मागे टाका. 'व्हाइसरॉयची कमान' म्हणून एक दगडी कमान आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा इथे व्हाइसरॉय होता, तेव्हाची. पोर्तुगालहून आलेला नवा व्हाइसरॉय याच कमानीतून शहरात पाऊल ठेवायचा. आपण उलट्या दिशेने जायचं. कमानीखालून सायकल काढली की समोर नदी आणि फेरीबोटीचा धक्का.

पाच मिनिटांची नदी

फेरीबोट हा गोव्यातला अगदी रोजचा प्रकार. सरकारचं नदी परिवहन खातं ती चालवतं. दोन्ही टोकांना उघडी, सपाट, लोखंडी बोट. तिच्यात स्कूटरवरचा मास्तर, मासळीची टोपली घेतलेली बाई, शाळेची पोरं आणि मोजून काही मोटारगाड्या. नुसत्या माणसाला तिकीटही लागत नाही. पलीकडे जायला पाच मिनिटं पुरतात.

पण ही पाच मिनिटं फार महत्त्वाची आहेत. दिवाडीला रस्त्याचा पूल नाही. तीन बाजूंनी फेऱ्या आहेत. एक जुन्या गोव्याहून, एक रायबंदरच्या बाजूने आणि एक उत्तरेला नारव्याहून. बेटावर येणारी प्रत्येक मोटार यातल्या एका बोटीतूनच यायला हवी. म्हणजे बोटीच्या एका खेपेत मावतील तेवढ्याच गाड्या एका वेळी उतरणार, मग रस्ता पुन्हा रिकामा. ट्रॅफिक कंट्रोलची याहून साधी सिस्टिम जगात नसेल. हवालदार नाही, कॅमेरा नाही. आहे फक्त एक नदी!

बोट धक्क्याला लागली की एक छोटी युक्ती करा. आधी सगळ्यांना जाऊ द्या. स्कूटरी भुर्रकन निघतात, दोन-तीन मोटारी त्यांच्यामागे. दोन मिनिटं थांबा, पाण्याची बाटली भरा, टायरची हवा बघा. आता पुढची फेरी येईपर्यंत रस्ता तुमचा.

रस्ता नव्हे, पट्टी!

धक्का सोडला की खारफुटीची झाडं लागतात. त्यांची मुळं चिखलातून वर डोकावत असतात. ती संपतात आणि एकदम दोन्हीकडे भातशेती उघडते. मधोमध रस्ता, पट्टी ठेवून आखल्यासारखा. समोर दूरवर एक टेकडी, तिच्यावर पांढरं चर्च. बाकी सगळं आडवं.

इथे आल्यावर पहिली गोष्ट होते ती अशी, की हात ब्रेकवरून सुटतात. मग खांदे सैल पडतात. मग लक्षात येतं की आपल्याच सायकलच्या चेनचा आवाज आपल्याला पहिल्यांदाच नीट ऐकू येतोय (आणि तिला तेल हवंय). ऑगस्टच्या शेवटी आलात तर भात गुडघ्याच्या वर असतं आणि वारा आला की आख्खं शेत एका बाजूला झुकतं. पांढरे बगळे मधेच उभे, ब्राह्मणी घार वर घिरट्या घालतेय, विजेच्या तारेवर खंड्या बसलाय. पाऊस एका टोकाकडून येताना दिसतो. रेनकोट काढायला पुरेसा वेळ देऊन येतो!

एकच गोष्ट सांभाळायची, ती म्हणजे वारा. सपाट माळावर त्याला अडवायला काही नसतं. समोरून आला तर चढच चढतोय असं वाटतं. अशा वेळी गिअर कमी करायचा आणि घाई सोडायची. तुम्हाला कुठे रिपोर्ट करायचं आहे?

सायकल इथे काही फॅड नाही. सकाळी आणि संध्याकाळी 'पोंय पोंय' असा रबरी भोंगा ऐकू आला की समजायचं, पोदेर आला. पोदेर म्हणजे पाववाला. मागे भली मोठी टोपली, तिच्यावर प्लॅस्टिक, आत गरम उंडे, पोई आणि बांगडीसारखी कुरकुरीत काकणं. आपण कार्बन फ्रेम आणि जेलचं सीट यांवर चर्चा करत बसतो. हा माणूस साध्या सायकलवर टोपलीभर पाव लादून गावभर फिरतो. त्याच्याकडून दोन पोई घ्या. पोईला गव्हाचा कोंडा लावलेला असतो, पोटाला आधार होतो आणि बॅगेत चेंगरल्या तरी बिघडत नाहीत. सायकलवाल्यासाठी एनर्जी बार म्हणून झकास!

हे एवढं सपाट कसं?

हा प्रश्न मला दुसऱ्या फेरीत पडला. कोकण म्हणजे चढ-उतार. गोव्यातही तेच. मग नदीच्या मधोमध हे बिलियर्ड्सच्या टेबलासारखं सपाट कुठून आलं?

उत्तर असं, की हे निसर्गाने अर्धंच केलंय. उरलेलं माणसांनी केलं.

या जमिनीला गोव्यात खाजन म्हणतात. मुळात ती नदीच्या मुखाजवळची दलदल. समुद्राची भरती मांडवीतून आत येते, दिवसातून दोनदा खारं पाणी चढतं आणि उतरतं. गाळ साचत जातो. इथल्या लोकांनी पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी या दलदलीभोवती मातीचे बांध घातले, खारं पाणी बाहेर ठेवलं आणि आतल्या गाळात भात पिकवलं. गाळ पाण्याखाली सारखा पसरतो, म्हणून जमीन सपाट. आज गोव्यात अशी खाजनं साधारण १७ ते १८ हजार हेक्टर आहेत. दिवाडीवर तुम्ही सायकल चालवता तेव्हा बांधापलीकडची भरती बऱ्याच ठिकाणी तुमच्या चाकांच्या बाजूच्या शेतापेक्षा उंच असते. हॉलंडचं कौतुक आपण ऐकत आलो. ही करामत आपल्या शेजारी चालू होती आणि आपण रेल्वेतून घोरत जात होतो!

आता यातला सगळ्यात भारी भाग. पावसाचं पाणी आत साचणार, ते बाहेर तर काढायला हवं. पण बांधाला भोक पाडलं तर भरतीचं खारं पाणी आत येणार. मग काय करायचं? त्यासाठी मानस असते. मानस म्हणजे बांधात बसवलेला दगडी चौकटीचा दरवाजा, त्याला लाकडी झडपा. भरती आली की बाहेरचं पाणी झडपेला ढकलतं आणि झडप बंद होते. ओहोटी लागली की आतलं पाणी जास्त होतं, ते झडप उघडून बाहेर पळतं. मोटार नाही, वीज नाही, सेन्सर नाही. बांधावर भेटलेल्या एका आजोबांना मी विचारलं, 'दार बंद कोण करतं?' ते हसले. 'दार उदकच धांपता,' म्हणाले. पाणीच दार लावतं.

मानशीच्या आतल्या बाजूला पाण्याचा एक डोह राखलेला असतो. भरतीबरोबर आत शिरलेले मासे, कोळंबी, खेकडे तिथे राहतात आणि ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळं लावून पकडले जातात. वर भात, कडेला मासळी, बांधाबाहेर लाटा अडवणारी खारफुटी. एकाच जमिनीवर जेवणाचं आख्खं ताट!

कोरगुट नावाचा हट्टी भात

कितीही अडवलं तरी खारटपणा जमिनीत थोडा राहतोच. म्हणून इथे कुठलंही बी चालत नाही. खाजनाचं खास भात म्हणजे कोरगुट. उंच वाढतं, म्हणजे पाणी साचलं तरी डोकं वर. लोंबीला लांब कुसळं. मिठाला घाबरत नाही. पहिल्या पावसांनी जमिनीतलं मीठ धुऊन निघालं की पेरणी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापणी.

उत्पन्नाच्या बाबतीत कोरगुट 'जया' आणि 'ज्योती' या सुधारित वाणांच्या मागे पडतं. पण एखाद्या वर्षी बांध फुटून खारं पाणी आत आलं तर सुधारित वाण मान टाकतं, कोरगुट टिकून राहतं. त्याच्या उकड्या, लालसर तांदळाची पेज सकाळी खाल्ली तर दुपारी दोनपर्यंत भुकेची आठवण होत नाही. गावात कुणाकडे विकायला असेल तर किलो-दोन किलो घ्या. पॅनियरमध्ये ओझं थोडं वाढेल, हरकत नाही. चढ कुठे आहे!

याच हिशेबाने आपली सीझन ठरवायची. जुलैत पाऊस फार. ऑगस्टची अखेर ते सप्टेंबर म्हणजे फुल हिरवं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तेच सोनेरी, पण दुपारचं ऊन चटके देतं. नोव्हेंबरनंतर शेतं कापलेली, हवा मात्र मस्त. मार्चपासून जमीन भेगाळते, वर मिठाचा पांढुरका थर दिसतो आणि सावली शोधावी लागते. फोटोसाठी सप्टेंबर, पायांसाठी डिसेंबर!

एक टेकडी, दोन नारवे

बेटावर चढ आहे तो एकच, पिएदादच्या टेकडीचा. छोटा, पण सपाटीची सवय लागल्यावर जड जातो. उतरून सायकल ढकलली तरी कुणी हसणार नाही. वर पांढरं चर्च आणि खाली सगळा नकाशा उलगडलेला. मांडवी, पलीकडे जुन्या गोव्याच्या चर्चेसचे मनोरे, मधे खाजनाचे चौकोन आणि त्यांच्या कडेने वळत गेलेली बांधाची रेघ. वर आल्यावरच कळतं की ती रेघ किती बारीक आहे. तिच्या एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला समुद्राचं पाणी.

टेकडी उतरून उत्तरेला निघालात की पोर्तुगीज धाटणीची जुनी घरं लागतात. ओसऱ्या, शिंपल्यांच्या खिडक्या, अंगणात आंबा-फणस. काहींना कुलपं आहेत. मुलं मुंबईला, आखातात, लिस्बनला, लंडनला. मग पुन्हा शेतं आणि शेवटी नारव्याचा धक्का.

नारवे हे नाव लक्षात ठेवा, कारण इथली गोष्ट आपल्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकाला येऊन मिळते. कदंब राजांचं दैवत सप्तकोटेश्वर मुळात याच बेटावर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं. भाविकांनी लिंग नदीपलीकडे, पोर्तुगीज सत्तेबाहेरच्या डिचोलीच्या मुलखात नेलं. गावाचं नावही देवाबरोबर गेलं. म्हणून नदीच्या दोन्ही तीरांवर नारवेच. पलीकडच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. अलीकडे त्याची पुन्हा दुरुस्ती झाली आणि २०२३ मध्ये ते भाविकांसाठी पुन्हा खुलं झालं. सायकल फेरीत घाला, पलीकडे जा, देऊळ बघा, परत या. देवाने केला तोच प्रवास, फक्त आपण रिटर्न तिकीट काढलेलं!

ऑगस्टचा चौथा शनिवार असेल तर दिवाडीत 'बोंदेराम' असतो. बोंदेर म्हणजे झेंडा. जमिनीच्या हद्दींवरून इथल्या वाड्यांची भांडणं व्हायची. पोर्तुगीजांनी हद्दी दाखवायला झेंडे लावले, तर लोकांनी तेच पाडायला सुरुवात केली. त्या भांडणाचा आता उत्सव झालाय. चित्ररथ, बॅण्ड, बांबूच्या नळीतून फळांचा मारा, सगळं. मजा येते, पण त्या दिवशी गर्दी बेसुमार असते. शांत सायकलिंग हवं असेल तर आठवडाभर नंतर या.

पायांत जोर उरला असेल तर दुसऱ्या दिवशी चोडण. रायबंदरहून फेरी मिळते. जुनं गोवं ते रायबंदर हा नदीकाठचा रस्ता मात्र वाहता आहे, तिथे कडेकडेने जा. रायबंदर ते पणजी हा तीन किलोमीटरचा सरळ सेतू १६३०च्या दशकात बांधलेला. आजही वाहनं त्यावरून जातात. चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर, पण सगळी खारफुटी. सायकल बाहेर ठेवून आत पायी जायचं. बांधाबाहेरचं जंगल आतून कसं दिसतं, ते इथे कळतं. चोडणवर दिवाडीपेक्षा गाड्या जास्त भेटतील, हे आधीच सांगून ठेवतो.

हे असंच राहील का?

पिएदादच्या टेकडीवरून नीट बघितलंत तर सगळे चौकोन हिरवे नसतात. काही ठिकाणी नुसतं पाणी चमकतं, काही ठिकाणी शेतात खारफुटी उगवलेली. ती पडीक खाजनं.

बांध मातीचा असतो. खेकडे त्याला भोकं पाडतात, उधाणाच्या लाटा खातात, मोठ्या बोटींच्या लाटा कुरतडतात. दरवर्षी डागडुजी लागते. पूर्वी हे काम गावकरी बघायची, पोर्तुगीजांनी जिला कोमुनिदाद म्हटलं ती गावाची सामाईक संस्था. तिचे रीतिरिवाज पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये लिहूनही काढले होते. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, १९६४ मध्ये कूळकायदा आला. कसणाऱ्याला जमिनीवर हक्क मिळाला, ते योग्यच झालं. बांधांची जबाबदारी मग कुळांच्या संघटनांकडे आली. काही गावांत त्या नेटाने काम करतात. काही गावांत सभेलाच माणसं नसतात, कारण माणसं आखातात.

त्यात मासळीचा हिशेब वेगळा. मानशीवर मासे पकडायच्या हक्काचा लिलाव होतो. कोळंबीला भाव चांगला, भाताला बेताचा. मग काही ठिकाणी झडपा हव्या त्यापेक्षा जास्त वेळ उघड्या राहतात, खारं पाणी आत खेळतं, मासे वाढतात आणि शेजाऱ्याचं भात मरतं. बांधाचा गुण असा, की तो एका जागी फुटला तरी आतलं सगळ्यांचं शेत बुडतं. आपल्यापुरतं नीट ठेवून भागत नाही. आपल्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीसारखंच, फक्त इथे चूक झाली तर दोन-तीन वर्षं पीक नाही.

आणि दुसरी गोष्ट पुलाची. आपल्याला पूल नसणं आवडतं, कारण आपण शनिवारी येतो आणि रविवारी जातो. पण रात्री दोन वाजता घरात कुणाच्या छातीत दुखायला लागलं आणि धक्क्यावर बोटीची वाट बघत उभं राहावं लागलं, तर ती पाच मिनिटांची नदी केवढी रुंद होते, ते तिथल्यांना विचारा. पुलाची मागणी जुनी आहे, तसाच पुलाला विरोधही जुना आहे. पूल आला की मोटारी येतील, मागोमाग प्लॉट पाडणारे येतील, भराव पडेल, ही भीती बेटावरचेच लोक बोलून दाखवतात. १९९०च्या दशकात कोकण रेल्वेच्या मार्गावरून गोव्यात मोठं आंदोलन झालं, त्यातही खाजनांचा प्रश्न होताच. २०२५ मध्ये रायबंदर-चोडण मार्गावर मोठ्या रो-रो फेऱ्या सुरू झाल्या. रांगेत ताटकळणाऱ्या चोडणवासीयांची सोय झाली. एका खेपेत पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त गाड्याही उतरू लागल्या.

यात बरोबर कोण, हे ठरवायचा हक्क आपल्याला नाही. इथे राहतात त्यांनी ते ठरवायचं. पण सायकलवर बसून 'किती शांत आहे!' म्हणताना ही शांतता कशावर उभी आहे, एवढं तरी माहीत असावं. चिखलाचा एक बांध, पाण्याने लागणारं एक लाकडी दार आणि दर पावसाळ्याआधी फावडं घेऊन जाणारी काही माणसं. यातलं काहीही आपोआप टिकणारं नाही.

म्हणून दोन-तीन गोष्टी पाळूया. बांधावर, खास करून पावसाळ्यात, सायकल चालवायची नाही. चाकाने माती सुटते. उतरून ढकला, आणि समोरून डोक्यावर ओझं घेतलेलं कुणी आलं तर बाजूला व्हा. मानशीच्या झडपांना 'बघू तरी' म्हणून हात लावायचा नाही. शेतात फोटोसाठी घुसायचं नाही. खाऊन-पिऊन, तांदूळ घेऊन, रात्री राहून गावात थोडे पैसे सोडायचे. भात विकलं गेलं तर भात पेरलं जाईल, आणि भात पेरलं तर बांधही बांधला जाईल. आपल्याकडून होण्यासारखं इतकंच आहे, पण ते अगदीच कमी नाही.

कसं जाल, काय न्याल?

*गाडी :* मुंबईहून मडगावकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या करमळीला थांबतात. बुकिंगआधी थांबा बघून घ्या. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, प्रवासाला जास्त वेळ लागतो.

*सायकल :* स्वतःची न्यायची तर पार्सल व्हॅनमध्ये बुक करावी लागते. नको असेल तर पणजी परिसरात भाड्याने बघा. गिअर नसलेली साधी सायकलही दिवाडीला पुरते.

*रूट :* जुनं गोवं, फेरी, पिएदाद, नारवे, पलीकडे सप्तकोटेश्वर, परत बेटावर आणि रायबंदरच्या बाजूच्या फेरीने बाहेर. आरामात, थांबत थांबत एका दिवसाचा हिशेब.

*सोबत :* रेनकोट, टोपी, पंक्चर किट, दोन बाटल्या पाणी, चेनचं तेल. बेटावर सायकलचं दुकान शोधत बसायची वेळ आणू नका.

*पोटोबा :* सकाळी पोदेराकडची पोई, दुपारी गावातल्या खानावळीत उकड्या तांदळाचा भात आणि हुमण. दुपारी बरीच दुकानं बंद असतात, एक ते चार कुणाचं दार वाजवू नका. तुम्हीही सावली बघून आडवे व्हा.

*फेरी :* शेवटच्या बोटीची वेळ जातानाच धक्क्यावर विचारून ठेवा. ती चुकली तर रात्र बेटावर. तसं झालं तर सोमवारी बॉसला काय सांगायचं, ते तेवढं तुमचं तुम्ही बघा!